वीजबिलावर न छापलेला आकार

मे महिन्यातल्या एखाद्या रात्री नागपूरच्या प्रताप नगरातून चालत गेले, तर आखीव ले-आउटमधल्या प्रत्येक गल्लीतून एकच घरघर ऐकू येते. ती कूलरच्या पंख्यांची असते. बँकेतून, पोस्टातून, शाळा-महाविद्यालयांतून निवृत्त झालेल्या माणसांची ही वस्ती. खिडकीला टेकवलेली पत्र्याची पेटी, तिच्यात ओली ताटी, सायंकाळी नळीने भरलेले पाणी; आणि अलीकडे वरच्या मजल्यावर, मुलासुनेच्या खोलीत, एखादे वातानुकूलन यंत्र. या सोयीला चैन म्हणून हिणवणे योग्य होणार नाही. २०१३ च्या मे महिन्यात या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीही थंडावा मिळाला नाही तर हृदयावरचा ताण उतरत नाही, आणि साठी उलटलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकते, हे वैद्यकशास्त्राने निःसंशय सांगितलेले आहे. प्रताप नगरातला वृद्ध कूलर लावतो तेव्हा तो एका अर्थी औषधच घेत असतो.

हे औषध कोठे तयार होते आणि त्याच्यातले विष तेवढे कोणाच्या वाट्याला जाते, हा प्रश्न मात्र विचारावाच लागेल.

हिशेब साधा आहे. आपल्याकडील औष्णिक केंद्रांत एक युनिट वीज निर्माण करण्यासाठी ढोबळमानाने सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. भारतीय कोळशात शेकडा ३० ते ४० राखच असते. परदेशी कोळशाच्या मानाने हे प्रमाण फार मोठे. दोनशे वॅटचा कूलर रात्री नऊ तास चालला म्हणजे पावणेदोन युनिट वीज लागली, सव्वा किलोच्या आसपास कोळसा जळाला आणि चारशे ग्रॅम राख उरली. वातानुकूलन यंत्र तेवढाच वेळ चालले तर राख दोन किलोंच्या घरात जाते. प्रताप नगरातल्या घरात या राखेचा कणही दिसत नाही. चूल होती तेव्हा राख निदान घरातल्या बाईला दिसत असे. तिनेच ती काढायची आणि तिनेच तिने भांडी घासायची. विजेच्या युगात राख नाहीशी झाली असे शहरातल्या माणसाला वाटते. वास्तविक तिने केवळ आपला पत्ता बदलला आहे.

तो पत्ता शहराच्या उत्तरेस, प्रताप नगराच्या अगदी उलट दिशेला आहे. कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक केंद्रे तेथे शेजारी शेजारी उभी आहेत. कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. त्याच वर्षी संसदेने जलप्रदूषणास आळा घालणारा कायदा संमत केला. आणि त्याच वर्षी, १९५८ पासून नागपुरात काम करीत असलेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आज ज्या संस्थेला सर्वजण ‘नीरी’ म्हणून ओळखतात ते नाव मिळाले. घाण करणारी यंत्रणा, घाणीला मनाई करणारा कायदा आणि घाण मोजणारी संस्था अशी ही एका वर्षाची तीन भावंडे. पन्नास वर्षांत त्यांपैकी कोणाची वाढ अधिक झाली, हे सांगण्याची आवश्यकता नाही. कोराडीत २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे तीन प्रचंड संच उभे राहिले. खापरखेड्याची क्षमता १३४० मेगावॅटवर गेली. हे तीन-साडेतीन हजार मेगावॅटचे आकडे वाचून डोळे दिपतात. म्हणून तेही राखेत उतरवून पाहावेत. कोराडीचे हे तीन संच आणि खापरखेडा मिळून तीन चतुर्थांश क्षमतेने एक दिवस चालले, तर सहा कोटी युनिट वीज निर्माण होते. तिच्यामागे रोज चाळीस हजार टनांच्या आसपास कोळसा आणि बारा हजार टनांच्या घरात राख. दहा टनी ट्रकच्या मापाने मोजले तर दिवसाला हजारांहून अधिक ट्रक.

या राखेचा काही भाग सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये जातो, हे मान्य केले पाहिजे. १९९९ च्या अधिसूचनेपासून तसे बंधन आहे, आणि २०२१ च्या डिसेंबरात निघालेल्या नव्या अधिसूचनेने वापराविना राहिलेल्या राखेवर टनाला एक हजार रुपये भरपाईही बसवली. परंतु तोवर कित्येक दशकांची राख पाण्यात कालवून नळांवाटे मोठमोठ्या तळ्यांत सोडण्यात आली होती. या तळ्यांना माती-राखेचे बांध असतात. १६ जुलै २०२२ रोजी, मुसळधार पावसात, कोराडी केंद्राच्या खसाळा येथील तळ्याचा बांध फुटला. राखेचा रबडा आसपासच्या गावांच्या शेतांत आणि नाल्यांत शिरला. खरिपाची पेरणी झालेली होती. ज्या शेतकऱ्याच्या वावरात तो थर बसला, त्याच्या दृष्टीने पर्यावरण हा शब्द परिसंवादातला राहिला नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत पारशिवनी तालुक्यातील नांदगाव येथे खापरखेडा केंद्राची राख टाकणे थांबवा, असा आदेश खुद्द राज्याच्या पर्यावरण मंत्र्यांना द्यावा लागला होता. म्हणजे ज्या राज्य शासनाच्या मालकीचे केंद्र, त्याच शासनाच्या मंत्र्याने त्याला थांबवायचे! २०२१ साली मंथन अध्ययन केंद्र, असर आणि नागपूरचे सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या संस्थांनी या टापूतील पाण्याचे आणि राखेचे नमुने तपासून अहवाल प्रसिद्ध केला होता. त्यात अनेक ठिकाणी जड धातूंचे प्रमाण विहित मर्यादेपलीकडे असल्याची नोंद आहे. या परिसरातून वाहणारी कन्हान ही नागपूर शहराला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या नद्यांपैकी एक आहे, एवढे येथे सांगून ठेवावे.

राख डोळ्यांना दिसते, बोटाला लागते. म्हणून तिच्याविरुद्ध निदान ओरड तरी होते. धुराड्यातून जे निघते त्याचे तसे नाही. विजेच्या साहाय्याने राख पकडणारी यंत्रे जाड कण अडवतात, पण अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचा काही भाग निसटतो. केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे हे कण नाकातल्या लवीला आणि घशातल्या कफाला चुकवून थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांत उतरतात. त्यांतील सर्वांत बारीक रक्तात मिसळतात. म्हणून दूषित हवेचा रोग म्हणजे केवळ खोकला-दमा नव्हे. हृदयविकार आणि पक्षाघात यांचा त्यात मोठा वाटा आहे, आणि गर्भवती स्त्रीच्या पोटातील मुलाचे वजनदेखील त्याने घटते. गंधकाचा वायू तर आणखी कावेबाज. तो धुराड्यातून वायुरूपाने बाहेर पडतो आणि वातावरणात त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात. हे कण शेकडो किलोमीटर प्रवास करू शकतात. केंद्राच्या कुंपणाशी यंत्र लावून गंधकवायू मोजला आणि तो मर्यादेत सापडला, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. तो दुसऱ्या रूपात दुसऱ्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या छातीत शिरलेला असतो.

हवा सर्वांची सारखी, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते खरे नाही. तोच कण निरनिराळ्या वर्गांच्या शरीरात निरनिराळा रोग होतो. प्रताप नगरातल्या निवृत्त कारकुनाच्या छातीत कळ आली तर अर्ध्या तासात त्याचा हृदयालेख निघतो, निदान होते, विम्याची फाइल उघडते. राखेच्या नळांवर आणि कोळशाच्या पट्ट्यांवर कंत्राटदाराकडून रोजंदारीने लागलेल्या मजुराला दम लागतो, तेव्हा दोष त्याच्या वयाचा किंवा बिडीचा ठरतो. बिडी तो ओढतही असेल. परंतु कोळशाच्या आणि राखेच्या धुळीत सिलिका असते, सिलिकेने जर्जर झालेल्या फुफ्फुसात क्षयाला शिरकाव सोपा जातो, आणि अर्धपोटी माणसाच्या बाबतीत तो अधिकच सोपा जातो. या साखळीतली बिडी तेवढी उचलून दाखवणे हे वैद्यकशास्त्र नव्हे. कूलरशिवाय पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यातल्या रात्री काढणारे लोक पुन्हा बहुधा हेच. वीज त्यांच्या अंगावरून जाते, राख त्यांच्या अंगावर पडते.

रोगाचा हा वर्गीय पत्ता नवा शोध नाही. १८४५ साली एंगल्सने मँचेस्टरच्या मजूरवस्तीचे जे वर्णन केले, त्यात गटारे, धूर आणि कोंदट तळघरे यांचा हिशेब अर्थशास्त्राच्या पुस्तकाला शोभेल अशा काटेकोरपणे मांडलेला आहे. तीन वर्षांनी, १८४८ मध्ये, विर्शो या तरुण जर्मन डॉक्टरला प्रशियाच्या सरकारने अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करण्यास पाठवले. त्याने औषधांची यादी देण्याऐवजी लोकशाही, शिक्षण आणि सुबत्ता यांची मागणी अहवालात केली. सरकारला हा उपचार अर्थातच मानवला नाही. महाराष्ट्राला तर सायलेशियापर्यंत जाण्याचेही कारण नाही. १९२७ साली महाडच्या तळ्यावर जो संग्राम झाला तो पाणी पिण्याच्या हक्काचा होता. स्वच्छ पाणी, मोकळी हवा आणि उजेड यांची वाटणी या देशात निसर्गाने कधीच केली नाही. ती समाजाच्या उतरंडीने केली.

अर्थशास्त्राने या प्रश्नाकडे कसे पाहिले, हेही पाहण्यासारखे आहे. १९२० साली पिगू या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञाने कारखान्याच्या धुराचे उदाहरण देऊन सांगितले, की मालकाच्या वहीत लिहिलेला खर्च आणि समाजाला सोसावा लागणारा खर्च हे एक नसतात. फरकाएवढा कर बसवावा. उपाय शहाणपणाचा होता, परंतु त्यात धूर हा अपवाद मानलेला होता, एरवी नीट चालणाऱ्या गाड्याचा एखादा कुरकुरणारा आस. तीस वर्षांनी, १९५० मध्ये, के. विल्यम कॅप याने खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर स्वतंत्र ग्रंथ लिहून ही समजूत खोडली. खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलणे हा गाड्याचा दोष नसून गाडा चालण्याची रीतच तशी आहे, असे त्याने दाखवले. जो उत्पादक हा खर्च अधिक ढकलील त्याचा माल स्वस्त, आणि ज्याचा माल स्वस्त तो कार्यक्षम!

नागपूरच्या कोणत्याही घरी येणारे महावितरणचे बिल घेऊन ही गोष्ट पडताळून पाहता येते. त्यावर स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो, वर वीज शुल्क असते. कोळसा महागला तर त्याची वाढ काही महिन्यांत ग्राहकाच्या बिलावर छापून येते. खसाळ्याच्या वावरातील बुडालेली पेरणी, खापरखेड्याच्या मजुराचे दम्यामुळे बुडालेले खाडे, त्याच्या बायकोने दवाखान्यासाठी गहाण टाकलेले डोरले, यांचा आकार बिलावर कोठेही नाही. तो वसूल होत नाही असे मात्र नाही. तो रोज, नियमित, रोखीने वसूल होतो. फक्त तो वीज वापरणाऱ्याकडून होत नाही. गंमत अशी की, हा मजूर खाजगी रुग्णालयात दाखल होऊन कर्जबाजारी झाला तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात त्याच्या बिलाची रक्कम वाढ म्हणून जमा होते. तो घरीच खोकत पडला तर त्याची गणना कोठेच होत नाही.

येथवरचे विवेचन समाजवादी कार्यकर्त्याला पटण्यास अडचण पडणार नाही. अडचण पुढे आहे. कॅपने ग्रंथ लिहिला तो खाजगी उद्योगावर. कोराडी आणि खापरखेडा ही केंद्रे कोणा भांडवलदाराची नाहीत. ती १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाची होती आणि २००५ मध्ये मंडळाचे तुकडे झाल्यावर महानिर्मिती या शासकीय कंपनीकडे आली. वीज सार्वजनिक मालकीची असावी, हा डाव्या चळवळीचा जुना आणि रास्त आग्रह आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा विचार दारिद्र्यनिर्मूलनाशी जोडला आणि तिची जबाबदारी शासनाने घ्यावी अशी भूमिका मांडली. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने पुढे राज्य वीज मंडळांचा मार्ग मोकळा केला. खेड्यापाड्यांत दिवा पोहोचला तो या व्यवस्थेमुळे. नफ्यासाठी कोणीही मेळघाटात तार नेली नसती. २०२३ च्या जानेवारीत वीज कर्मचाऱ्यांनी खाजगीकरणाविरुद्ध संप पुकारला तेव्हा डाव्या पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला, आणि तो योग्यच होता.

पण मालकी बदलल्याने कण बदलत नाही. खर्च दुसऱ्याच्या शरीरावर ढकलण्याची रीत शासकीय कंपनीनेही जशीच्या तशी उचलली, आणि चळवळीने तिकडे काणाडोळा केला, हे कबूल करण्याची वेळ आलेली आहे. ‘पर्यावरण हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत’ हे वाक्य कामगार सभांमधून वर्षानुवर्षे ऐकू आलेले आहे. त्याला आधार नव्हता असे नाही. शहरी पर्यावरणवाद्यांपैकी अनेकांना आपल्या ले-आउटमधला गुलमोहर तोडला जाणे खुपते आणि त्याच ले-आउटचा कचरा भांडेवाडीला जाऊन पडतो हे खुपत नाही. तरी एका वर्गाचा दांभिकपणा हा दुसऱ्याच्या मौनाचा बचाव होऊ शकत नाही. ज्यांचे पोट भरलेले नाही तेच राखेच्या तळ्याखाली राहतात. मग हा प्रश्न चोचल्याचा कसा?

कोराडीत आणखी दोन संचांचा, प्रत्येकी ६६० मेगावॅटचा, प्रस्ताव पुढे आला आणि २९ मे २०२३ रोजी त्यावर जनसुनावणी झाली. अशा सुनावण्यांत चित्र ठरलेले असते. एका बाजूला रोजगार मागणारे, दुसऱ्या बाजूला हवा मागणारे. मध्ये अधिकारी इतिवृत्त लिहीत बसलेले. विदर्भात वीज निर्माण व्हायची, तिचा मोठा हिस्सा पश्चिमेकडे जायचा आणि राख तेवढी येथे राहायची, हे गाऱ्हाणे जुने आहे. चंद्रपूरचा अनुभव समोर आहेच. २०० नव्हे, ५०० नव्हे, दोन हजार नऊशे मेगावॅटचे केंद्र असलेला तो परिसर २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत घातला. तरीही रोजगार मागणारा तरुण खोटा बोलत नसतो. ज्याची जमीन जुन्या संचांसाठी गेली त्याला नव्या संचात नोकरी हवी असते, आणि त्याला हवेचे व्याख्यान देणाऱ्याच्या खिशात बहुधा निवृत्तिवेतनाचे पुस्तक असते. ज्याला मजुरी आणि श्वास यांतून एकच निवडण्यास सांगितले जाते, तो मजुरीच निवडणार. निवड अशी मांडणारा कोण, एवढाच प्रश्न राजकीय पक्षाने विचारायचा असतो.

दिल्लीत ती कशी मांडली गेली हे पाहावे. २०१५ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी गंधकवायूची मर्यादा प्रथमच ठरवून दिली. चुनखडीच्या साहाय्याने धुरातला गंधक काढून घेणारी संयंत्रे बसवण्यास दोन वर्षांची मुदत होती. ती एकदा वाढली, पुन्हा वाढली, तिसऱ्यांदा वाढली. अखेर २०२५ च्या जुलैमध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना या बंधनातून मोकळेच करण्यात आले. भारतीय कोळशात गंधक कमी आहे, हवेतील गंधकवायू मर्यादेतच आहे, संयंत्रांनी वीज महागेल, अशी कारणे दिली गेली. या चर्चेत नागपूरच्याच नीरीच्या अभ्यासाचा आधार घेण्यात आला. गंधक कमी आहे हे खरे. परंतु कमी गंधकाचा कोळसा रोज लाखो टनांनी जाळला तर एकूण गंधक कमी राहत नाही, आणि वायूचे कण झाल्यावर ते वायूच्या मापाने सापडत नाहीत, हे वर आलेच आहे. या नियमातील सर्वांत बोलकी तरतूद वेगळीच आहे. दिल्लीचा राजधानी परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीचे शहर यांच्यापासून दहा किलोमीटरच्या आत जे केंद्र असेल, त्याला संयंत्र सक्तीचे, मुदत २०२७ अखेर. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय प्रकरणपरत्वे. बाकीच्यांना सूट. म्हणजे माणसाच्या फुफ्फुसाची किंमत त्याच्या शेजारी किती माणसे राहतात यावर ठरणार. विरळ वस्तीतला शेतमजूर अकराव्या किलोमीटरवर राहतो, एवढा त्याचा अपराध. कायद्यासमोर समानतेची प्रतिज्ञा करणाऱ्या प्रजासत्ताकात श्वासाचे वर्ग पाडणारा नियम निघतो आणि त्यावर मोर्चा निघत नाही, ही नोंद इतिहासात राहील.

वीज महागेल, या भीतीला मात्र उत्तर दिले पाहिजे. कारण ती गरिबाच्या नावाने दाखवली जाते. महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असणारे घर आणि चार खोल्यांत चार वातानुकूलन यंत्रे चालवणारे घर यांचे दर आजही निरनिराळ्या टप्प्यांनी आकारले जातात. टप्प्यांची रीत मान्यच आहे, तर राखेचा आणि गंधकाचा आकार वरच्या टप्प्यांवर बसवण्यास तात्त्विक अडचण कोणती? त्याचा पैसा निराळ्या खात्यात राहावा. संयंत्रे, जुन्या तळ्यांची साफसफाई आणि त्या टापूतील आरोग्यसेवा यांपलीकडे तो जाऊ नये. या मागणीला पहिला विरोध उद्योजकांकडून होईल आणि दुसरा प्रताप नगरासारख्या वस्त्यांतून होईल, जेथे पक्षाचे वर्गणीदारही राहतात. तो पत्करण्याची तयारी नसेल तर शेतमजुराच्या श्वासाविषयी ठराव करू नयेत.

कोळसा एके दिवशी जाणार आहे. तो कसा जातो हे महत्त्वाचे. ब्रिटनमध्ये १९५२ च्या डिसेंबरातल्या लंडनच्या धुरक्याने काही दिवसांत चार हजार माणसे मेली, नंतरचे अंदाज तर बारा हजारांपर्यंत जातात. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. पण तेथल्या कोळशाचा खरा कणा मोडला तो थॅचरबाईंनी, आणि हवेसाठी नव्हे. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप चिरडून. खाणी मिटल्या, गावे उजाड झाली, आणि त्या गावांतील बेकारी आणि व्यसने यांनी पुढच्या पिढीचे आरोग्य पोखरले. धूर थांबला तरी माणसे आजारीच राहिली. याउलट ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्या देशातले शेवटचे कोळसा केंद्र, रॅटक्लिफ, बंद झाले तेव्हा कामगारांच्या पुढच्या कामाची बोलणी संघटनांनी कितीतरी आधी सुरू केलेली होती. कोराडी-खापरखेड्याच्या कामगार पुढाऱ्यांनी या दोन्ही तारखा जवळ ठेवाव्यात.

आणि एक उदाहरण अगदी शेजारचे आहे. छत्तीसगडमधील दल्ली-राजहऱ्याच्या लोहखाणींत शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेने मजुरीबरोबर आरोग्याचा प्रश्न हाती घेतला, दारूविरुद्ध मोहीम चालवली आणि १९८३ साली कामगारांच्या वर्गणीतून व श्रमदानातून शहीद हॉस्पिटल उभे केले. नियोगींचा १९९१ मध्ये खून झाला, हॉस्पिटल राहिले. आजार ही कामगाराची खाजगी बाब नसून संघटनेच्या मागणीपत्रकातली बाब आहे, हे तेथे हजारो निरक्षर मजुरांनी ओळखले. नागपूरच्या साक्षर संघटनांना ते अजून ओळखायचे आहे.

सुरुवात फार मोठ्या गोष्टीपासून करावी लागणार नाही. कारखाना कायद्याने १९४८ पासून, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही, सिलिकोसिससारखे रोग कळविण्याजोगे ठरवलेले आहेत. म्हणजे डॉक्टरला असा रोगी आढळला तर त्याने अधिकाऱ्यांना कळवले पाहिजे. पण कंत्राटी मजुराचा कंत्राटदार बदलतो, त्याबरोबर हजेरीपट बदलतो, आणि हा माणूस राखेच्या नळांवर बारा वर्षे काम करीत होता याचा कागदच उरत नाही. रोग उघड होतो तेव्हा कागदोपत्री तो आठ महिन्यांचा नवा मजूर असतो. त्याच्या रोगाचे कामाशी नाते सिद्ध होत नाही ते येथेच. तेव्हा केंद्रातील प्रत्येक कंत्राटी कामगाराची आरोग्यनोंद कंत्राटदाराकडे न राहता मूळ मालकाकडे, महानिर्मितीकडे राहावी. छातीची तपासणी वर्षाला व्हावी. आणि नोंदीची एक प्रत कामगाराच्या हाती, एक संघटनेच्या कचेरीत असावी, ही मागणी पुढच्या करारात पहिल्या क्रमांकावर घालता येईल. ती मान्य होईपर्यंत संघटनेने स्वतःची वही घालावी: नाव, काम, कोणत्या साली लागला, कोणत्या कंत्राटदाराकडे, दम केव्हापासून. खसाळा, नांदगाव, वारेगाव या बाजूच्या गावांत ही वही घेऊन हिंडण्यास प्रताप नगरातल्या निवृत्तांपैकी कोणी तयार असेल तर त्याला अक्षर चांगले असण्यापलीकडे कसलीही पात्रता लागणार नाही. पावसाळ्यापूर्वी हे काम सुरू झाले पाहिजे. बांध फुटतात ते जुलैत.